एसटीवेड्या साडेचार वर्षांच्या मुलाला कुठल्या क्लासला घालावं?

साताऱ्याहून एका आईने विचारलं आहे. मुलगा साडेचार वर्षांचा, ज्युनियर केजीत. गेले काही महिने त्याला एसटीशिवाय दुसरं काही सुचत नाही. चित्र काढलं तर एसटीचं, गोष्ट सांगा तर एसटीची. घरातल्या चपला दोन-दोनच्या ओळीत मांडतो, त्यांना कागदाची तिकिटं फाडून देतो, आणि कोणी मध्येच चप्पल पायात घातली तर ‘ते अजून उतरले नाहीत’ म्हणून रडतो. सासरे म्हणतात, कंडक्टर होणार का हा? नवरा म्हणतो, यंत्राचं एवढं वेड आहे तर रोबोटिक्सला घालू या. शेजारचा मुलगा अबॅकसला जातो. आणि तिला स्वतःला आतून धास्ती आहे की हे जरा जास्तच तर नाही ना? प्रश्न असा, की या आवडीचं पुढे काय करायचं आणि त्यासाठी कुठला क्लास बरा?

क्लास कुठलाच नको. निदान या आवडीसाठी तरी नको. पुढे मी बरंच लिहिणार आहे, पण घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल: आवड त्याची आहे, ती त्याच्याच ताब्यात राहू द्या. तुम्ही सामान पुरवा, वेळ द्या आणि त्याने बोलावलं की खेळात जा.

आधी धास्तीचं बघू. तीन ते सहा या वयात एकाच गोष्टीमागे लागलेली मुलं आम्हा बालवाडीवाल्यांना दर वर्षी भेटतात. कोणाला डायनासोर, कोणाला ढोल-ताशा, कोणाला जेसीबी. आमच्याकडे एक मुलगी यायची, तिला फक्त कुलपं आवडायची. आल्या आल्या माझ्याकडे किल्ल्यांचा जुडगा मागायची आणि कुठली किल्ली कुठल्या कपाटाची, हे माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ होतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. वेड किती आहे हे मोजत बसू नका, त्या वेडात तो माणसांना घेतो का ते बघा. हाक मारली की वळतो? रस्त्यात गाडी दिसली की ‘आई, बघ!’ म्हणून तुमचा हात ओढतो आणि तुम्ही बघताय ना, याची खात्री करून घेतो? दुसरं कोणी खेळात शिरलं तर कुरकुर करून का होईना, चालवून घेतो? चपलेला प्रवासी मानण्याइतकं खोटं-खोटं तर तो खेळतोच आहे. आणि चप्पल उचलल्यावरचं रडणं हा हट्ट नव्हे. चालत्या गाडीतून तुम्ही त्याचा प्रवासी उतरवलात.

याउलट एखादं मूल तासन्‌तास नुसतं चाक फिरवत बसत असेल, नजरेला नजर देत नसेल, साडेचाराचं होऊनही दोन-तीन शब्दांपुढे बोलणं जात नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर मात्र ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या. सरकारी जिल्हा रुग्णालयांत यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथेही दाखवता येतं. तुमच्या मजकुरात असं काही दिसत नाही, म्हणून मी पुढे जाते.

एसटी आवडते म्हणजे नक्की काय आवडतं? हे शोधायला आठवडाभर नुसतं बघा. काही शिकवू नका, काही सुचवू नका. एकाच लाल गाडीत चार मुलांना चार गोष्टी दिसतात. एखादा टायरपाशी उकिडवा बसतो, त्याला नटबोल्ट हवे असतात. एखाद्याला पाट्या हव्या असतात. एखादा नंबर पाठ करतो; अशा मुलाला कोणी सांगितलं की एसटीच्या गाड्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधल्या जातात आणि म्हणून बऱ्याच गाड्यांच्या नंबरात एमएच १४, २० किंवा ४० दिसतं, तर तो पुढचे दोन महिने प्रत्येक गाडीचं गाव ओळखत बसतो. आणि एखाद्याला कंडक्टर हवा असतो. एका माणसाने दोरी दोनदा ओढली की पन्नास माणसं आणि एवढी मोठी गाडी हलते! साडेचार वर्षांच्या माणसाचं घरात कोणी काही ऐकत नाही; त्याला याचं अप्रूप वाटलं नाही तरच नवल.

तुमचा मुलगा मला या शेवटच्या गटातला दिसतो. तो चपलांना तिकिटं देतो, त्यांना ओळीत बसवतो, कोण उतरलं-कोण नाही याचा हिशेब ठेवतो. त्याला यंत्राचं वेड नाहीच. माणसं, नियम आणि क्रम यांचं आहे. रोबोटिक्सच्या क्लासात त्याला मोटार आणि वायर देतील. प्रवासी कुठून आणणार? आवडीचं नाव ऐकून क्लास शोधायला निघालं की हे असं होतं.

आता करायचं काय. सर्वांत आधी त्याला बसस्थानकावर न्या, पण गाडीत बसायला नाही, बघायला. दुपारी, गर्दी कमी असताना. पाण्याची बाटली, राजगिऱ्याची वडी, आणि एक तास मोकळा. फलाटासमोरच्या बाकावर बसा आणि गप्प राहा. हे ‘गप्प राहा’ फार अवघड जातं, मला ठाऊक आहे. ‘बघ, किती गाड्या आहेत, मोज बरं’ असं तोंडावर येतंच. ते गिळा. तो बोलेल त्यावर बोला. वाई, मेढा, कोरेगाव, फलटण अशा पाट्या लागतील, ‘स्वारगेट विनाथांबा’ लागेल, कर्ण्यावरून घरघरत घोषणा होईल, ड्रायव्हर खाली उतरून टायरवर लाथ मारून बघेल. निघायचं कधी हे त्याला ठरवू द्या. चार-पाच फेऱ्या अशा झाल्या की मग एखादा छोटा प्रवास करा, कोरेगावपर्यंत जाऊन परत. गर्दी नसेल तर कंडक्टरला विचारून बघा, तो गाडी उभी असताना एकदा घंटी वाजवू देतो का. बहुतेक जण हसून देतात. नाही म्हणाला तरी बिघडत नाही, नियम आवडणाऱ्या मुलाला ‘गाडी चालू असताना नाही’ हे उत्तर आवडतंच.

या कामाला सासऱ्यांना जुंपा. टोमणा मारणाऱ्या आजोबांना खेळात ओढायचा सोपा उपाय म्हणजे त्यांना जाणकार करून टाकायचं. तिकिटांचा पत्र्याचा ट्रे, पंचाची टिकटिक, टपावर चढवलेली पोती, पावसात गळणाऱ्या खिडकीखाली धरलेली छत्री हे सगळं त्यांनी पाहिलेलं असणार, आणि नातवासाठी ते सोन्याहून महाग आहे. पहिली एसटी १ जून १९४८ला पुणे ते अहमदनगर धावली, हे त्यांनी सांगावं. शिवाय पंच्याहत्तरी झालेली असेल तर त्यांचा प्रवास मोफत आहे, नातू पाचाच्या आत म्हणून त्याचाही. आजोबांना शून्य रुपयांचं तिकीट, आईला अर्धं, आणि मला तिकीटच का नाही? या एका प्रश्नावर तुमची संध्याकाळ निघेल. उत्तर पटकन देऊन टाकू नका, आधी ‘तुला काय वाटतं, का नसेल?’ असं खरोखर विचारा. आमच्याकडच्या एकाने सांगितलं होतं, ‘कारण माझे पाय खाली टेकत नाहीत.’

घरात सामान लागेल, ते बहुतेक घरातच आहे. फ्रिजचं किंवा कपाटाचं मोठं खोकं दुकानदार देतो. सुतळी, जुनी घुंगरं किंवा पूजेची छोटी घंटा, खऱ्या प्रवासाची जपून ठेवलेली तिकिटं, खांद्याला अडकवायची जुनी पिशवी, पाट्यांसाठी पुठ्ठा, जाड खडू. खोक्याला खिडक्या तुम्ही आधीच कापून ठेवू नका. ‘दार कुठे काढू?’ विचारा आणि तो दाखवेल तिथे कापा. दार पुढे की मागे, यावर त्याचं ठाम मत असेल. कापताना कात्री तुमची, पेन्सिलची रेघ त्याची. दुकानातली हुबेहूब लाल बस आणायला माझी हरकत नाही, एक आणा. पण रिमोटवर पळणारी, दिवे लावणारी गाडी स्वतःच सगळं करते. मुलाला फक्त बघायचं काम उरतं, आणि सेल संपले की तेही संपतं.

हे काही माझं डोकं नव्हे. नूतन बाल शिक्षण संघ १९२६ साली सुरू झाला. त्या कामातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीत आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये गेल्या तेव्हा माँटेसरीचं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं वापरली. मुलं गुरांमागे जात होती तर शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळाच म्हणत. मूल जिथे आहे, ज्यात आहे, तिथे मोठ्यांनी जायचं. तुमच्या घरात ते सध्या चपलांच्या रांगेत आहे.

खेळात मोठ्यांनी कसं शिरायचं, हे सांगायला एक प्रसंग देते. आमच्याकडे बाकांची एसटी झाली होती. स्टीलचं ताट हातात धरून एक ड्रायव्हर, शबनम लावून एक कंडक्टर, पाच-सहा प्रवासी. घाट लागला म्हणून एक जण उलटी करत होता, बाकीचे त्याला खोटं लिंबू हुंगवत होते. मी चढले. ‘वाई एक द्या.’ कंडक्टर म्हणाला, ‘शंभर रुपये.’ मी पानाची नोट पुढे केली: ‘हे पाचशे आहेत.’ आता त्याच्याकडे सुट्टे नव्हते. त्याने दोन क्षण विचार केला, मग माझं तिकीट परत घेतलं, उलटं केलं, कानामागची पेन्सिल काढून त्यावर एक वेडीवाकडी रेघ ओढली आणि म्हणाला, ‘उतरताना घ्या.’

या मुलाला तोवर एक अक्षर येत नव्हतं. पण उरलेले पैसे तिकिटाच्या मागे लिहून देतात, हे त्याने पाहिलं होतं. आणि लिहिलेलं म्हणजे नंतरसाठी ठेवलेला शब्द, हे त्याला कळलं होतं. अक्षरं गिरवण्याची सगळी पुस्तकं एकीकडे आणि ती रेघ एकीकडे. मी त्या वेळी काय केलं? तिकीट खिशात ठेवलं आणि वाई आल्यावर उरलेले चारशे मागितले. ‘शाब्बास, तुला लिहिता आलं!’ म्हणाले असते तर गाडी तिथेच थांबली असती, आणि कंडक्टरचा पुन्हा विद्यार्थी झाला असता.

हाच नियम घरीही. तुम्ही प्रवासी आहात, प्रवाशासारखं बोला. ‘ही गाडी मेढ्याला थांबते का हो?’, ‘माझी पिशवी कुठे ठेवू?’, ‘खिडकी लागत नाही.’ अशा बोलण्याने खेळ वाढतो. ‘ही गाडी कुठल्या रंगाची आहे?’ असं विचारलं की परीक्षा होते. रंग तुम्हाला दिसतोय हे त्यालाही माहीत आहे. रोज रात्री वीस मिनिटं असा प्रवास केलात तरी भरपूर झाला. तुम्ही दोघंही नोकरी करता, दमून येता. तर प्रवाशाला झोप लागलेली असू शकते. ‘माझा थांबा आला की उठवा’ म्हणून सतरंजीवर आडवं पडा. हे मी गमतीने सांगत नाही. कंडक्टरला झोपलेल्या प्रवाशाची जबाबदारी फार आवडते.

चित्रांबद्दल. फक्त एसटीच काढतो म्हणून शाळेतून तक्रार आली असेल किंवा येईल. पण त्या चित्रांवर तारखा टाकून एका जुन्या फाइलीत लावून ठेवा, आणि तीन महिन्यांनी सलग बघा. आधी एक चौकोन आणि दोन गोळे असतील. मग खिडक्या येतील, मग खिडक्यांत तोंडं, मग टपावर सामान, मग पाटी आणि पाटीवर काहीतरी खुणा. एकच विषय असल्यामुळे बदल नीट दिसतो. या वयातली मुलं गाडीच्या पत्र्याआडची माणसंही पायांसकट काढतात, चारही चाकं एकाच बाजूला काढतात. डोळ्यांना दिसतं ते काढत नाहीत, माहीत असतं ते काढतात. ते सुधारू नका. ‘एसटी अशी नसते’ म्हणून त्याच्या हातातला खडू घेऊन नीट काढून दाखवणारे आई-वडील मी खूप पाहिले. त्यानंतर मूल म्हणायला लागतं, ‘तूच काढून दे.’ तयार चित्रात रंग भरायच्या वह्यांचं मला कधीच कौतुक वाटलेलं नाही. शाळा देते तेवढ्या भरू द्या, घरी आणखी आणू नका.

अक्षरांचं तसंच. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे आणि हा पाट्या मराठी वाचतो, याची चिंता करू नका. ‘सातारा’ हा शब्द तो आत्ता आख्ख्या चित्रासारखा ओळखत असेल. स, त, र वेगळं करून विचारू नका. एक दिवस ‘तासगाव’ची पाटी बघून तोच म्हणेल, ‘यातला हा सातारातला आहे ना?’ त्या दिवशी बोला. या वयात बोटांचे आणि मनगटाचे स्नायू पक्के व्हायचे असतात, त्यांना पानभर गिरवण्यापेक्षा सुतळीला गाठ मारणं, तिकिटं फाडणं, पुठ्ठ्याला भोक पाडणं जास्त उपयोगाचं.

आता बक्षिसांबद्दल थोडं सविस्तर, कारण चांगल्या घरातली आवड बहुतेक वेळा इथेच मरते. अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. बालवाडीतली, आपणहून आवडीने चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच दिलं नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंग ठेवले आणि कोण आपणहून किती वेळ काढतं ते लांबून पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर ज्यांनी काढलं होतं, त्यांनी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ काढला. मजेची गोष्ट मजुरीची झाली. त्यामुळे ‘होमवर्क केलास तर एसटी बघायला नेईन’ हे बंद. एसटी बघणं हे आमिषही नको आणि ‘आज नेणार नाही’ अशी शिक्षाही नको.

पाहुण्यांसमोर ‘अनाउन्समेंट करून दाखव रे’ हेही बंद. स्वतःहून केली तर सगळ्यांनी ऐकावी. गॅदरिंगला कंडक्टरचा वेश, त्याचा व्हिडिओ, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाळ्यांचे पंचवीस अंगठे. एवढ्यावर अंगठ्यांची चटक लागते आणि एसटी मागे पडते. तुम्हाला कौतुक करायचंच असेल तर जे दिसलं ते सांगा: ‘आज तू मागच्या दाराला पण घंटी लावलीस.’ तेवढं पुरतं.

मोबाइलवरचे एसटीचे व्हिडिओ तो बघतो, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला तिथे थांबावंसं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तितकं बरं, असं सांगितलं आहे. माझा अनुभव वेळेपेक्षा एका वेगळ्या गोष्टीचा आहे. व्हिडिओत एकामागून एक गाड्या येतच राहतात. स्थानकावर गाडीची वाट बघावी लागते, आणि त्या वाट बघण्यातच तो बोलतो, विचारतो, अंदाज बांधतो. सरसकट बंदी घालू नका, चोरून बघेल. एक व्हिडिओ त्याने निवडायचा, तुम्ही शेजारी बसायचं, आपोआप पुढचा सुरू होणं बंद करून ठेवायचं. जेवताना मात्र अजिबात नाही.

आणि एक दिवस हे वेड जाईल. हळूहळू जाईल किंवा एका सकाळी खोक्याकडे ढुंकूनही बघणार नाही. आईवडिलांना याचं फार वाईट वाटतं, विशेषतः ज्यांनी मन लावून त्यात भाग घेतला त्यांना. ‘अरे, तुला तर एसटी आवडते ना?’ असं म्हणून त्याला जुन्या आवडीला बांधून घालू नका. वाढदिवसाचा केक, टी-शर्ट, भिंतीवरचा कागद सगळं एसटीचं करून टाकलेलं असलं की मुलाला दुसऱ्या कशाकडे वळायची चोरी होते, म्हणून ते मुळातच करू नका. त्याच्या जागी लगेच नवं काही सुरूही करून देऊ नका. थोडे दिवस ‘कंटाळा आलाय’ म्हणत तुमच्या मागे मागे फिरेल. फिरू द्या, कणीक मळायला बसवा, वाटाणे सोलायला द्या. पुढचं वेड गोगलगाईचं निघालं तर त्यांच्यासाठी गच्चीत जागा बघून ठेवा. खोकं मात्र रद्दीत घालू नका, माळ्यावर टाका. चार-सहा महिन्यांनी बहुधा ते किराणा दुकान म्हणून लागतं, आणि तिकिटं फाडलेला हात पावत्या फाडायला लागतो.